वसुलीवाले सासूबाईंना फोन करताहेत. सेटलमेंट करावी की पूर्ण फेडावं?

स्वाती_घोडबंदर

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढायची वेळ आली.

प्रकरण दिराचं आहे. वागळे इस्टेटमध्ये त्याचा जेवणाचे डबे पुरवायचा व्यवसाय होता. कंपन्यांमधली माणसं घरून काम करायला लागली, ऑर्डरी गळत गेल्या, पण गाळ्याचं भाडं आणि पोरांचे पगार थांबत नव्हते. ते आधी क्रेडिट कार्डावर आणि मग एका वैयक्तिक कर्जावर ओढले. शेवटी गाळा सोडला. आता नोकरीला लागलाय, पगार बेताचा. कार्डावर खरा खर्च एक लाख दहा हजाराच्या आसपास होता, आता एक लाख शहाऐंशी हजार दाखवताहेत. वैयक्तिक कर्जाचे चार लाख बाकी, ते दुसऱ्या कंपनीचं. दोन्हीकडे वर्ष होत आलं, काही भरलेलं नाही.

त्याने संदर्भ म्हणून सासूबाईंचा नंबर दिला होता. त्यांना रोज फोन येतात. परवा रात्री सव्वानऊला एकाने विचारलं, "आजी, मुलगा पळाला की लपवलाय?" त्याआधी एक माणूस गेटवर येऊन वॉचमनला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फ्लॅट नंबर आणि 'डिफॉल्टर' सांगून गेला. काल एका 'साहेबां'चा फोन: "कार्ड सत्तर हजारात क्लोज करून देतो. आज सहाच्या आत माझ्या नंबरवर जीपे करा, उद्या ऑफर नाही."

सासूबाई एफडी मोडायला निघाल्यात. अहो म्हणतात देऊन टाका, कटकट मिटेल. दीर म्हणतो कमी पैशांत मिटवायची सेटलमेंट नको, पूर्ण फेडीन पण हप्त्याने. तुमचं काय मत? आणि हे फोन थांबवायचे कसे?

बाळकुम_बॉय

सहा वाजून गेले का? गेले असतील तर साहेबांची ऑफर आपोआप उद्या सहापर्यंत वाढली असेल. :)

नाना_नौपाडा

बँकेत पस्तीस वर्षं नोकरी झाली. माझं मत कोणाला आवडणार नाही. कर्ज घेतलं की फेडायचं. सेटलमेंट म्हणजे प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्याच्या तोंडाला पाने पुसणं. बँकेचा पैसा आकाशातून पडत नाही, ठेवीदाराचा असतो. दिराची वृत्ती योग्य आहे, त्याला पाठिंबा द्या. आईची एफडी मात्र मोडू नका. तिने कर्जावर सही केलेली नाही.

अनु_कळवा

वाचतेय. आमच्याकडेही हेच सुरू आहे.

माजी_वसुलीवाला

तुर्भ्याला एका वसुली एजन्सीत टेलिकॉलर होतो, मग टीम लीडर. आता ते काम सोडलंय. आतली गोष्ट सांगतो.

जीपे करू नका. सूट द्यायचा अधिकार फोन करणाऱ्याकडे नसतोच. किती सोडायचं हे बँकेच्या कलेक्शन विभागातला माणूस मंजूर करतो आणि त्याचं पत्र निघतं. पैसे कार्डाच्या किंवा कर्जाच्या खात्यात जातात, माणसाच्या नंबरवर कधीच नाही. 'आज सहाच्या आत' हे तुमच्यासाठी नसतं, त्याच्या टार्गेटसाठी असतं. महिनाअखेरीला आणि मार्चमध्ये तोच माणूस जास्त गोड बोलतो.

दुसरं, फोन सासूबाईंनाच का येतात? कारण त्या उचलतात. प्रत्येक कॉलनंतर सिस्टीममध्ये शेरा पडतो. कर्जदार उचलत नाही, आई उचलते आणि रडते, असा शेरा पडला की पुढच्या पोराला स्क्रीनवर पहिला नंबर आईचाच दिसतो. दिराने नंबर बदललाय का? बदलला असेल तर त्याने स्वतः बँकेला मेल करून चालू नंबर कळवावा आणि फोन स्वतः घ्यावा. एक वाक्य पुरतं: "मीच कर्जदार, माझ्याशीच बोला, आणि ऑथोरायझेशन लेटर मेल करा." पहिला आठवडा जड जाईल. मग घरच्यांचे फोन कमी होतात, कारण तिथून आता काही निघत नाही हेही सिस्टीमला कळतं.

बाळकुम_बॉय

@माजी_वसुलीवाला, मला दोन वर्षं कोणा राजेंद्रच्या थकलेल्या बाइक लोनसाठी फोन येताहेत. मी राजेंद्र नाही. शेवटी एकदा म्हटलं, राजेंद्र भेटला तर माझेही तीनशे रुपये घ्या त्याच्याकडून. पलीकडचा म्हणाला, "सर, नोट करून घेतलंय."

माजी_वसुलीवाला

नोट झालं असणार, 'थर्ड पार्टी, हसतो' असं. :ड

वकिलीणबाई

ठाणे आणि बेलापूर, दोन्हीकडे प्रॅक्टिस करते. हा सल्ला सर्वसाधारण आहे, कागद पाहिल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान आणि घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा संदर्भ दिलेल्यांच्या खाजगीपणात घुसखोरी, या सगळ्याला मनाई आहे. म्हणजे सव्वानऊचा फोन आणि गेटवरचा तमाशा ही दोन्ही उल्लंघनं. एजन्सी बाहेरची असली तरी जबाबदारी बँकेचीच. २००८ च्या सूचनांपासून घरी येणाऱ्या एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असणं बंधनकारक आहे. वॉचमनला सांगून ठेवा, पुढच्या वेळी आधी दोन्हींचा फोटो.

कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग, वॉचमनच्या रजिस्टरातली नोंद हे सगळं जोडून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही. हेल्पलाइन १४४४८. आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते.

आणि हे घरात सगळ्यांना नीट समजावा: त्रास थांबवणं हा एक व्यवहार, कर्ज मिटवणं हा दुसरा. लोक पहिल्यासाठी दुसऱ्याचे पैसे मोजतात. कर्ज थकलेलं असतानाही त्रासाची तक्रार करता येते. "आधी पैसे भरा, मग तक्रार करा" असं कोणी म्हणालं तर तेही रेकॉर्ड करा.

स्वाती_घोडबंदर

खूप आभार. जीपे केलेलं नाही. त्याच साहेबांनी आज "ठाणे कोर्टातून बोलतोय, वॉरंट निघालंय" असंही सुनावलं. अटक होऊ शकते का? सासूबाईंनी देवघरासमोरून उठायचंच सोडलंय.

वकिलीणबाई

कोर्ट फोन करून वॉरंट सांगत नाही. कर्ज थकणं हा दिवाणी मामला, त्यासाठी अटक होत नाही. पण इथे लोक अर्धवट वाचून निर्धास्त होतात म्हणून सांगते: दिराने सह्या करून चेक दिले होते का? चेक वटला नाही तर चेकच्या कायद्याचं कलम १३८, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचं कलम २५ जवळपास तसंच लागतं. चेक परत गेल्यावर येणाऱ्या नोटिशीनंतर १५ दिवस मिळतात, ते वाया घालवू नका.

लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्याची नोटीस आली तर तीही रद्दीत टाकू नका. लवाद कधी चेन्नईत बसतो, कधी ऑनलाइन. आपण गप्प राहिलो की निवाडा एकतर्फी होतो आणि मग पगारावर जप्ती येते. राजमुद्रा छापलेला व्हॉट्सॲपवरचा पीडीएफ मात्र बहुतेक वेळा घाबरवायचा असतो. केस नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून पाहा, दोन मिनिटांत कळतं.

सीवूड्स_सई

नानांच्या मताबद्दल आदर ठेवून वेगळं सांगते. मी कार्डाची सेटलमेंट केली. नवऱ्याची नोकरी गेली होती, बाळ लहान, दुसरा उपाय नव्हता. झोप परत आली, त्याबद्दल काहीच वाईट वाटत नाही.

पण काही वर्षांनी उलव्यात घर बघितलं, टोकन दिलं आणि बँकेने सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, काढलं. त्यात 'सेटल्ड'. मॅनेजर सौजन्याने म्हणाला, मॅडम, 'क्लोज्ड' पाहिजे. मग त्या कार्डाच्या बँकेत जाऊन सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवली. तिथल्या मुलीला ऐकूनच नवल वाटलं, माफ झालेले पैसे भरायला कोण येतं! भरले, नो ड्यूज (काही येणं नाही असं पत्र) घेतलं, मग नोंद 'क्लोज्ड' झाली. घर मिळालं, पण बिल्डरने दुसरा टॉवर गळ्यात मारला तो मारलाच. दिराला पुढे घर किंवा धंद्यासाठी कर्ज लागणार असेल तर हे धरून चला. 'राइट ऑफ' या शब्दालाही भुलू नका. बँकेने आपल्या वहीत खोडलं म्हणजे आपल्याला माफ केलं असं नाही.

नाना_नौपाडा

सईताई, हेच म्हणत होतो. शेवटी पूर्णच भरावं लागलं ना?

सीवूड्स_सई

हो नाना, पण पैसे असताना भरले. नसताना भरायला लावले असते तर कुठून आणले असते?

कोपरखैरणेकर

कर्जदाराचं सगळे बोलताहेत, जामीनदाराचं कोण बोलणार? ऑफिसातल्या मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो. सही, चहा, वडापाव, विषय संपला. मित्र नोकरी सोडून गावी गेला. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला आणि माझ्या पगारातून कपात सुरू. मी म्हटलं आधी त्याच्याकडून घ्या. वसुली अधिकारी शांतपणे म्हणाले, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. वकिलाला विचारलं, तर १८७२ च्या करार कायद्यात तसंच लिहिलंय म्हणे. दीडशे वर्षांत हे कोणी मला सांगितलं नाही!

बाळकुम_बॉय

वडापाव तरी चांगला होता का?

कोपरखैरणेकर

गार होता.

दिघा_ते_दादर

अवांतर, पण अ‍ॅपवाल्यांचं लिहायलाच हवं. भाच्याने पाच हजार मागितले, हातात साडेतीनच्या आसपास आले, सात दिवसांत पाच परत. एक दिवस उशीर झाला तर त्याचा फोटो भलत्याच चित्राला चिकटवून आख्ख्या फोनबुकाला. त्यात त्याची कॉलेजची मॅडमही होती. ही वसुली नाही, खंडणी आहे. रबाळे पोलीस ठाण्यात गेलो, १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार केली. तिथल्या हवालदारांनी पहिली गोष्ट ही सांगितली की अजून एक रुपया भरू नका, भरला की मागणी वाढते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत २०२२ पासून अ‍ॅपने फोनमधली संपर्क यादी चाळायला बंदी आहे. अ‍ॅप उतरवताना यादीची परवानगी मागितली की तिथेच समजून जा.

पारसिक_बोगदा

अ‍ॅप नवीन, धंदा जुना. एपीएमसीत हमाल आणि छोटे व्यापारी रोजच्या वसुलीवर पैसे उचलतात. सकाळी नऊ हजार हातात, शंभर दिवस रोज शंभर. कागद नाही, फक्त एक छोटी वही, तीही त्याच्याच खिशात. महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ चा. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. पण हमाल तिथे जाणार कधी? गाड्या रात्रीच लागतात.

अनु_कळवा

माझे सासरे गेले, त्यांच्या कार्डाचे ऐंशी हजार मुलाने भरावेत म्हणून फोन येतात. ते द्यावे लागतात का?

वकिलीणबाई

मुलाने जामीन किंवा सह-कर्जदार म्हणून सही केली नसेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतून नाही. सासऱ्यांची मालमत्ता वारसाने आली असेल तर तिच्या मर्यादेपर्यंत बँक दावा करू शकते. मृत्यूचा दाखला जोडून कार्ड बंद करायचा अर्ज द्या, पोच घ्या. फोनवर "बघू, भरू" असं मोघम काहीही बोलू नका.

एक_सामान्य_ठाणेकर

तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज बुडतं असं ऐकलंय. मग सेटलमेंट कशाला?

नाना_नौपाडा

बुडवायचे क्लास सुरू करा आता.

वकिलीणबाई

नाना, रागावू नका, उत्तर तुमच्याच बाजूचं आहे. मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांनंतर दावा लावता येत नाही, पण कर्ज पुसलं जात नाही, सिबिलवरचा डागही नाही. मधल्या काळात कर्ज लेखी मान्य केलं किंवा थोडे पैसे भरून त्याची सहीनिशी पोच झाली तर मुदत नव्याने सुरू होते. "फक्त पाचशे टाका, फाइल होल्डवर ठेवतो" असं सांगतात त्यामागे एक कारण हेही असतं. स्वातीताईंच्या बाबतीत वर्षच झालंय, त्यामुळे हा मुद्दा लागू नाही. तीन वर्षं वाट बघणाऱ्यावर बँक अडीच वर्षांनी दावा लावते, हेही बघितलंय.

माजी_वसुलीवाला

मूळ प्रश्नावर येतो, धाग्याची गाडी भरकटली.

कार्ड आणि कर्ज वेगळं धरा. बऱ्याच कार्डांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, वर उशिराचा दंड. एक लाख दहाचे एक शहाऐंशी असेच होतात. हे हप्त्याने फेडीन म्हणणारा पोरगा भला आहे, पण तो विहीर चमच्याने उपसतोय. कार्डात घासाघीस करायला जागा असते. वैयक्तिक कर्जात व्याज त्यामानाने कमी, तिथे मुदत वाढवून हप्ता लहान करा असा लेखी अर्ज द्यावा, पगाराची स्लिप जोडून.

पण सगळ्याच्या आधी विचारा, कर्ज आता आहे कोणाकडे? थकलेली कार्डं गठ्ठ्याने मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे थकीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्यांना, विकली जातात. विकलं असेल तर बँकेशी सेटलमेंट करून उपयोग नाही, आणि कंपनीने पत्र दिलं तर विकल्याचा कागदही मागा.

स्वाती_घोडबंदर

विचारलं. कार्ड अजून बँकेकडेच आहे, मेलवर उत्तर आलं. तक्रारही केली, रात्रीचे फोन बंद झालेत. सासूबाई आज लायब्ररीत जाऊन आल्या. लोकअदालतीचं कोणीतरी सुचवलं, त्याचं काय?

वकिलीणबाई

चांगला मार्ग आहे. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, शनिवारी भरते. दाव्याआधीची बँक प्रकरणंही घेतात. फी नाही. तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत, अपील नाही. म्हणूनच आकडा झेपणार असेल तरच सही करा, नाही म्हणून उठून यायची पूर्ण मुभा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे, तिथे चौकशी करा.

बाळकुम_बॉय

आणि येताना मामलेदार मिसळ. बँकेशी तडजोड करा, तिखटाशी नको.

पारसिक_बोगदा

मध्यम तिखट मागणारा माणूस काय बँकेशी भांडणार!

नाना_नौपाडा

मिसळीवर आलात म्हणजे धागा सुदृढ आहे. स्वातीताई, मी थोडा नरमलोय. कार्डाचं मुद्दल पूर्ण भरा आणि वरच्या व्याज-दंडात सूट मागा. ठेवीदाराचं मुद्दल परत गेलं, मला तेवढं पुरे. पण वैयक्तिक कर्ज पूर्ण फेडायचं.

स्वाती_घोडबंदर

नाना, घरी चर्चा अगदी इथेच येऊन थांबली. दिराने एक लाख पंधरा हजार, तीन हप्त्यांत, अशी मागणी केली. आज बँकेच्या अधिकृत मेलवरून पत्र आलं. मजकूर असा: कार्डाचे शेवटचे चार आकडे, एकूण येणं, मंजूर रक्कम, तीन तारखा, आणि "ठरलेल्या तारखेस भरणा न झाल्यास ही सवलत रद्द समजण्यात येईल". एफडी मोडत नाही आहोत. पहिला हप्ता आम्ही देतो, पुढचे दोन तो. पत्र बरोबर वाटतंय का?

माजी_वसुलीवाला

दोन गोष्टी कमी आहेत. 'पूर्ण व अंतिम' हे शब्द, आणि शेवटच्या हप्त्यानंतर किती दिवसांत नो ड्यूज देणार ते. दोन्ही मेलवर मागून घ्या, मगच पहिला हप्ता. हप्त्यांच्या तारखा पगाराच्या तारखेनंतरच्या आहेत ना ते बघा. पाच तारखेचा हप्ता आणि सात तारखेचा पगार, यात मोडलेल्या सेटलमेंट खूप बघितल्यात. एक तारीख हुकली की पूर्ण एक शहाऐंशी पुन्हा उभे, आणि भरलेले फक्त त्यातून वजा.

सीवूड्स_सई

आणि सगळं झालं की सिबिल स्वतः काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतं. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. व्याज सोडलंय म्हणजे 'सेटल्ड' येणारच, दिराला आधीच सांगून ठेवा. आणि त्या बँकेकडून किमान वर्षभर नवं कर्ज मिळणार नाही.

स्वाती_घोडबंदर

तारीख पाचच आहे आणि पगार सातलाच होतो! आत्ताच मेल टाकायला सांगते, दहा तारीख मागतो.

माजी_वसुलीवाला

बारा मागा. मध्ये शनिवार-रविवार येतात.